बिनदाराची निळी खोली

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागे नील नदीच्या काठी एक राजा होता. तिकडची रीतच अशी, की राजाने जिवंतपणीच आपलं मेल्यानंतरचं घर बांधून घ्यायचं. तेही जमिनीच्या पोटात, खोल.

या राजाचा जीव लव्हाळ्याच्या चटयांवर. त्याने एका कारागिराला सांगितलं, "थडग्याच्या भिंतींना चटया लाव. पण कुजणाऱ्या नकोत."

कारागिराने वाळू दळून फरश्या थापल्या, बायकोने भट्टी पेटवली. करड्या फरश्या आत जायच्या आणि चकचकीत निळ्या होऊन बाहेर यायच्या. ओळीने बसवल्या की हुबेहूब चटई!

शेवटच्या खोलीच्या भिंती झाल्या. उरलं एक लाकडी दार. ते कारागिराच्या डोळ्यांत सलू लागलं.

बायको म्हणाली, "अहो, दार ते दार. असू द्या की!"

"एवढ्या देखण्या चटईला ठिगळ कशाला?"

त्याने दारालाही फरश्या लावल्या. मग एकटाच आत राहून दार ओढून घेतलं, कडी उपटली, तिथेही फरशी बसवली आणि फटींत ओला चुना भरला. ढकललं की उघडेल, असा त्याचा हिशेब. दिवा हातात घेऊन तो गोल गोल फिरला. पोटभर पाहिलं. पाहता पाहता तिथेच डोळा लागला.

जाग आली तर चुना वाळून दगड झालेला, दिवा फडफडतोय आणि चारी बाजूंना तीच निळी चटई. आपण आलो कुठून? या भिंतीतून? की पाठीमागच्या? जिथे हात लावावा तिथे गार, गुळगुळीत.

"अहो, आहात ना आत?" बायकोचा आवाज आला. पण कुठून? चारही भिंती एकदमच बोलल्यासारख्या वाटल्या.

"इकडे या, इकडे!"

"इकडे म्हणजे कुठे गं?"

"अहो, दाराकडे!"

"दार कुठंय तेच तर विचारतोय!"

"तुम्हीच बुजवलंत आणि मला विचारता? फोडा आता!"

कारागिराचा हात उचलेना. पण तेल संपत आलं होतं, श्वास कोंडत होता. त्याने डोळे मिटून हातोडा घातला. फरश्या खळाखळा पडल्या. मागे खडक! दुसरी भिंत फोडली. खडक! तिसरीही तशीच. चौथीला लाकूड वाजलं, तेव्हा कुठे तो धडपडत बाहेर पडला.

राजा पाहायला आला. तुकड्यांचा ढीग, चुन्याने माखलेला कारागीर आणि त्याची रडवेली बायको. सगळं ऐकल्यावर राजाचाच चेहरा उतरला.

"अरे, मेल्यावरही जीव रोज सकाळी उन्हाला बाहेर पडतो. शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे ते. मी कुठून बाहेर पडणार होतो?"

कारागिराने कपाळावर हात मारून घेतला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नवराबायकोला सगळी खोली पहिल्यापासून करावी लागली.

देखणेपणासाठी वाट बुजवू नये. बुजवणाराच आधी कोंडला जातो.