शिशाचा गज

“पण बाबा, वस्तू जितकी जड, तितका तिच्यातून आवाज लवकर जायला नको का?”

मठातला शिष्य अच्युत मान खाली घालून पुटपुटला.

सोमनाथबाबा जवळजवळ बहिरे होते. म्हणाले, “मोठ्यानं बोल.”

अच्युतने तेच मोठ्याने विचारलं. ओसरीवरची माणसं वळून पाहू लागली.

बाबांना कोणी आल्याचं कळे ते एका सागाच्या वाशावरून. मठाच्या फाटकापासून तो भिंतीतून आत, बाबांच्या बाजेपर्यंत गेलेला होता. आलेल्याने फाटकाशी त्यावर टकटक करायची. आत बाबा वाशाला कपाळ टेकून असत; लगेच उठून येत.

अच्युतने तो वासा काढून शिशाचा गज बसवला. हवेपेक्षा लाकूड जड, म्हणून लाकडातून आवाज लवकर येतो. मग शिशातून किती लवकर येईल, असा त्याचा विचार. बोलावल्याशिवाय कोणी आत यायचं नाही, हा नियमही त्याचाच.

काल धनगरवाड्यातली हौसा तापाने फणफणलेलं पोर घेऊन बाबांकडे औषधाला आली. दुपारपर्यंत गजावर टकटक करत राहिली. मग तशीच परत गेली.

“तू कुठं होतास?” बाबांनी विचारलं.

“ओसरीवर... पोथी वाचत होतो.”

“तुला ऐकू आलं नाही?”

अच्युत पुन्हा पुटपुटला.

“आलं... वाटलं, बाबांना कळलंच असेल.”

“मोठ्यानं.”

“मला ऐकू आलं होतं, बाबा!”

ओसरीवर कोणीतरी हळूच म्हणालं, “जड माणूस, जड गज.” कोणी हसलं नाही.

अच्युतचे कान लाल झाले. डोळे भरून आले.

बाबांनी त्याला जवळ बसवलं. कोपऱ्यात टेकवलेल्या जुन्या वाशावर हात ठेवला.

“साग हलका आहे, पण कडक आहे. धक्का बसला की पुढच्या कणाला लगेच ढकलतो. शिसं मऊ, त्यात जड. आधी दबतं, मग सावकाश हलतं... तोवर टकटक वाटेतच विझते.”

“म्हणजे जडपणा आवाजाला पुढं नेत नाही?”

“मागं ओढतो.”



“पोर कसं आहे?” बाबांनी विचारलं.

“तालुक्याला नेलं होतं. ताप उतरलाय. सकाळीच घरी आणलं म्हणे... मी जातो, बाबा. तिची माफी मागतो.”

तो उठला. घाईघाईने गाठोडं बांधू लागला. तांदूळ घातले, नवी घोंगडी घातली, गुळाची ढेप घातली. तिला काय सांगायचं, कसं समजवायचं, ते तोंडातल्या तोंडात घोकू लागला.

बाबांनी गाठोड्यावर हात ठेवला.

“हे राहू दे... हलका जा. लवकर पोचशील.”