पाटलाचा बैल कोंडवाड्यात

पिंपरवाडीत भागू वाटेनं निघाली की बाया अंगणातलं वाळवण उचलून घरात नेत. तिच्या नवऱ्यानं, सटवाजीनं, लग्नाआधी कोंबड्या चोरून सहा महिने तुरुंगात काढले होते. गाव ते विसरायला तयार नव्हतं.

म्हणून देवळातली समई दिसेना, तेव्हा पाटलानं काही न विचारता सटवाजीलाच चोर ठरवलं आणि महिनाभरासाठी चावडीत कोंडलं. तिसऱ्या दिवशी समई सापडली. पुजाऱ्यानंच ती तांबटाकडे दुरुस्तीला दिली होती आणि विसरला होता.

भागू लेकीला कडेवर घेऊन पाटलाकडे धावली. "आता तरी सोडा त्यांना!"

"समई नसेल चोरली, पण मूळचा चोरच ना? त्याची कसली कीव? राहू दे आत!"

भागू माघारी फिरली. जाताना तिनं पाटलाच्या गोठ्यातला बैल सोडला आणि थेट कोंडवाड्यात नेऊन घातला.

पाटील धावतच आला. "भागे, बैल दावणीला बांधलेला होता! कुणाचं पीक खाल्लं त्यानं?"

"आज कुणाचंच नाही. पण परसाल आमचा हरभरा खाल्ला होता, तेव्हा इथंच कोंडला होता की."

"ती शिक्षा तेव्हाच भोगून झाली! तेवढ्यासाठी जन्मभर कोंडणार का त्याला?"

"एवढंच चावडीच्या दाराशी येऊन बोला, पाटील."

गलका ऐकून जमलेल्या बाया पदराआड हसल्या. पाटलानं जाऊन चावडीचं कुलूप काढलं.

सटवाजी बायकोलेकीसोबत घरी निघाला, तेव्हा वाटेवरचं वाळवण कुणी उचललं नाही. पाटलीणबाई तेवढ्या आपल्या पापडांपाशी बसून होत्या.