पिसूची वरात आणि उलटी वायर

नाकातलं बोट काढा. नीट बसा. हं, ऐका आता.

एक होती पिसू. एवढीश्शी. तिळाएवढी. राहायची एका गिटारच्या पोटात. गिटार वरातीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीची, विजेवर वाजायची. घुंग घुंग! पिसू नाचायची. टिप्पीक टिप्पीक!

एकदा दुरुस्तीवाल्या हौसाबाईनं गिटार दुरुस्त केली. दुरुस्त कसली? घुंग घुंग गेलं. उरलं चिंय चिंय. डासाला पडसं झाल्यासारखं.

आणि आज तर पिसूचं लग्न! नवरा राहतो खंड्या कुत्र्याच्या कानात. तो म्हणाला, "चिंय चिंयवर कुणी वरात काढतं होय? घुंग घुंग वाजलं तरच येईन."

पिसू रडली नाही. पिसू चिडली.

टिप्पीक टिप्पीक गेली गिटारकडं.
"गिटारबाई, गिटारबाई, गा की! नवरा येईना!"
"मला काय पडलंय! माझ्या पोटात तारेच्या दोन गुंडाळ्या. दोघी बहिणी. थोरली ओढते पुढं, धाकटी ओढते मागं. दोघींनी आवाज खाल्ला. धाकटी वळली तर मी गाईन."

टिप्पीक टिप्पीक गेली धाकटीकडं.
"धाकटे, धाकटे, वळ की! गिटार गाईना, नवरा येईना!"
"मला काय पडलंय! माझ्या वायरी उलट्या लावल्यात. वायर हलली तर मी वळेन."

टिप्पीक टिप्पीक गेली वायरीकडं.
"वायरताई, वायरताई, हल की! धाकटी वळेना, गिटार गाईना, नवरा येईना!"
"मला काय पडलंय! मला सोल्डरनं धरलंय. सोल्डरनं सोडलं तर मी हलेन."

टिप्पीक टिप्पीक गेली सोल्डरकडं. चकचकीत थेंब तो, वायर चिकटवणारा.
"सोल्डरमामा, सोल्डरमामा, सोड की! वायर हलेना, धाकटी वळेना, गिटार गाईना, नवरा येईना!"
"मला काय पडलंय! चटकाकांडी तापली तर मी सोडेन."

टिप्पीक टिप्पीक गेली चटकाकांडीकडं. सोल्डर वितळवते ती. तापल्यावर टोकाला हात लावाल तर फोड येईल, लक्षात ठेवा!
"कांडीआत्या, कांडीआत्या, ताप की! सोल्डर सोडेना, वायर हलेना, धाकटी वळेना, गिटार गाईना, नवरा येईना!"
"मला काय पडलंय! बाईनं बटण दाबलं तर मी तापेन."

टिप्पीक टिप्पीक गेली हौसाबाईकडं. बाई भडंग खात होती. कुर्रुम कुर्रुम.
"हौसाकाकू, हौसाकाकू, दाब की! कांडी तापेना, सोल्डर सोडेना, वायर हलेना, धाकटी वळेना, गिटार गाईना, नवरा येईना! वायर उलटी लावलीस तू!"
"मी? उलटी? लालला लाल लावली, काळीला काळी!"
"अगं, थोरली ह्या गिटारची, धाकटी तू बसवलीस दुसऱ्या गिटारची! हिची लाल ती तिची काळी!"
"लाल ती लाल! हौसाबाई चुकत नसते. चल, फूट!"

असं काय? पिसू मागं गेली. उडी मारली. बसली कुठं?

ढुंगणावर!

चाव!

"आई गंऽऽ!" भडंग उडालं छताला.
"वायर उलटी का?"
"नाही!"
चाव! चाव!
"उलटी! उलटी! चुकले गं बये!"

बाईनं बटण दाबलं. टिक! कांडी तापली. सुंऽऽ! सोल्डरनं सोडलं. पुळुक! वायर हलली. लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. सोल्डरनं पुन्हा धरलं. चिप्प! धाकटी वळली. थोरली म्हणाली, "आलीस का भवाने?" दोघी मिळून ओढू लागल्या. आणि गिटार?

घुंग घुंग! घुंग घुंग!

खंड्यानं कान झटकला. नवरा पडला धप्पकन, थेट मांडवात. पिसू नाचली, नवरा नाचला, शंभर वऱ्हाडी पिसवा नाचल्या. टिप्पीक टिप्पीक टिप्पीक!

मग सगळ्यांना लागली भूक.

पंगत कुठं बसली?

हौसाबाईच्या ढुंगणावर!

बाईला सुटली खाज,
गोष्ट संपली आज.