शंख रिकामा नव्हता!

समुद्राच्या काठी एक शंख होता.
केवढा? बोराएवढा.
त्या शंखात एक खेकडा राहायचा.
केवढा? टिकलीएवढा. म्हणून त्याचं नाव टिकल्या.

टिकल्याच्या नांग्या कडक. पण पाठ? पाठ मऊ मऊ. म्हणून तो पाठीवर शंख घालायचा. शंख म्हणजे त्याचं घर. टिकल्या जाईल तिकडे घर जाई.

एके दिवशी टिकल्याला दुसरा शंख दिसला. चकचकीत. पट्ट्यापट्ट्यांचा.
"बघू तरी, अंगाला होतो का!"

टिकल्या आपल्या शंखातून बाहेर आला. सुळुक!
नव्या शंखात शिरला. खुडबुड खुडबुड!
नवा शंख झाला घट्ट. नांगी अडकली. पाय अडकले.
"छे! आपला तोच बरा."

टिकल्या बाहेर आला. वळून बघतो तर काय?
शंख नाही!
वाळूत पावलं उमटली होती. इवली इवली. पाच पाच बोटांची.

टिकल्या रागावला. लाल लाल झाला.
"माझं घर कुणी नेलं?"

सुरूच्या झाडावर कावळा बसला होता. तो म्हणाला, "काव! काव! पाठ मऊ दिसते रे! येऊ का खाली?"
"येऊन तर बघ!" टिकल्या म्हणाला. पण पाठ त्यानं वाळूत दडवली.

टिकल्या निघाला. तिरका तिरका, तुरु तुरु तुरु.

त्या दिवशी चारूच्या घरचे सगळे समुद्रावर आले होते. एसटीनं आले होते. डबा घरचा होता. चटई घरची होती. समुद्राला तिकीट नव्हतं. चारू होती चार वर्षांची. ती वाळूचा किल्ला करत होती. थाप थाप थाप! आणि किल्ल्याच्या टोकावर काय होतं?
टिकल्याचा शंख!

"ए मुली! माझा शंख दे!"
चारू म्हणाली, "नाही देणार. किल्ल्यावर निशाण हवं. दादानं निशाण आणलं, की शंख देईन. नाही आणलं, तर शंख घरी नेईन. चार वाजता आमची गाडी आहे."

घरी नेणार? गाडीत घालून?
टिकल्या आणखी लाल झाला. तिरका तिरका, तुरु तुरु तुरु, दादाकडे गेला.

दादा लाटेत उड्या मारत होता. छपाक! छपाक!
"ए दादा! निशाण आण!"
"का आणू?"
टिकल्या म्हणाला,
"चारू शंख देईना.
घर माझं, आणि उघडा मीच!
हा कुठला न्याय?"

दादा म्हणाला, "मी नाही बाहेर येणार. बाहेर येऊन खायला काय आहे? वाळू? आईनं डबा उघडला, की येईन. मग निशाण आणीन."
आणि छपाक! टिकल्याच्या तोंडात खारं पाणी.
"थू थू थू! वर पाणीही उडवतो!"

टिकल्या निघाला. तिरका तिरका, तुरु तुरु तुरु, आईकडे गेला.

आई डबा मांडीवर घेऊन बसली होती. डब्यात होती घावनं. चटणी. काकडी.
"अहो आई! डबा उघडा!"
"अगं बाई, एवढासा खेकडा! का उघडू?"
टिकल्या म्हणाला,
"दादा निशाण आणीना,
चारू शंख देईना.
घर माझं, आणि उघडा मीच!
हा कुठला न्याय?"

आई म्हणाली, "खरंय रे बाळा. पण वाळूत डबा उघडू? घावनं करकरतील. बाबांनी चटई अंथरली, की डबा उघडीन."

"काव! काव!" कावळा खालच्या फांदीवर आला. "मऊ पाठ! मऊ पाठ!"
टिकल्या पळाला. तिरका तिरका, तुरु तुरु तुरु, बाबांकडे गेला.

बाबा चटई काखेत धरून उभे होते.
"अहो बाबा! चटई अंथरा!"
"का अंथरू?"
टिकल्या म्हणाला,
"आई डबा उघडेना,
दादा निशाण आणीना,
चारू शंख देईना.
घर माझं, आणि उघडा मीच!
हा कुठला न्याय?"

बाबा म्हणाले, "अंथरू कुठे? गेल्या वर्षी जागा मी निवडली. लाट आली. सगळे भिजले. वर्षभर ऐकून घेतोय! आता आत्यानं जागा सांगितली, की चटई अंथरीन."

"काखेत चटई आहे, आणि नुसते उभे!" टिकल्या म्हणाला.
आणि निघाला. तिरका तिरका, तुरु तुरु तुरु, आत्याकडे गेला.

आत्या सुरूच्या झाडांखाली फिरत होती.
"इथे मुंग्या. तिथे ऊन. इकडे काड्या टोचतात."
"अहो आत्या! जागा सांगा!"
"का सांगू?"
टिकल्या म्हणाला,
"बाबा चटई अंथरेनात,
आई डबा उघडेना,
दादा निशाण आणीना,
चारू शंख देईना.
घर माझं, आणि उघडा मीच!
हा कुठला न्याय?"

आत्या म्हणाली, "जागा? जागा मी कधीच बघून ठेवलीय. ती काय, त्या जाड झाडाखाली. पण आजोबा तिकडे पाण्याकाठी एकटेच बसलेत. त्यांना सोडून जेवायला बसायचं? छे! आजोबा उठले, की जागा सांगीन."

"जागा ठाऊक आहे, आणि सांगत नाही!" टिकल्याचे डोळे गरागरा फिरले.
ऊन तापलं होतं. मऊ पाठ भाजत होती. कावळा जमिनीवर उतरला होता. एक उडी. थांबला. दुसरी उडी. थांबला.
टिकल्या पळाला. तिरका तिरका, तुरु तुरु तुरु, तुरु तुरु तुरु, आजोबांकडे गेला.

किनाऱ्यावर एक होडी पालथी घातली होती. आजोबा तिच्यावर बसले होते. चपला खाली वाळूत. डोळे पाण्याकडे.
"अहो आजोबा! उठा!"
"का उठू?"
टिकल्या म्हणाला,
"आत्या जागा सांगेना,
बाबा चटई अंथरेनात,
आई डबा उघडेना,
दादा निशाण आणीना,
चारू शंख देईना.
घर माझं, आणि उघडा मीच!
हा कुठला न्याय?"

आजोबा म्हणाले, "मी नाही उठणार. मला कुणी हाक मारली नाही."
"कोण मारतं हाक?"
"आजी मारते. दर वर्षी आम्ही इथे येतो. दर वर्षी मी असा बसतो. मग आजी म्हणते, 'अहो, चला.' मग मी उठतो."

"बरं! मग मी आजीकडे जातो," टिकल्या म्हणाला. "कुठे आहे आजी?"
"यंदा आजी नाही," आजोबा म्हणाले.
"मग उद्या येईल?"
"नाही. उद्याही नाही."

टिकल्यानं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. पुढे नुसता समुद्र होता.

आणि मागे? मागे कावळा!
काव! उडी! चोच उघडली!

टिकल्या चपलेवर चढला. चपलेवरून पायावर चढला. पायावरून गुडघ्यावर चढला. त्यानं दोन्ही नांग्या वर केल्या. आणि ओरडला. केवढा ओरडला? हत्तीएवढा ओरडला!

"आजोबा उठेनात,
आत्या जागा सांगेना,
बाबा चटई अंथरेनात,
आई डबा उघडेना,
दादा निशाण आणीना,
चारू शंख देईना!
जो तो थांबलाय दुसऱ्यासाठी!
कुणी हाक मारली नाही? मी मारतो!
अहो! चला!"

आजोबांनी टिकल्याकडे पाहिलं.
लाट आली. लाट गेली.
मग आजोबांनी पायानं चपला शोधल्या.
"आलो, आलो," ते म्हणाले.

त्यांनी टिकल्याला ओंजळीत घेतलं. वरून दुसरा हात धरला. ओंजळीत छान सावली झाली.
"हुश्! हुश्!" आजोबा कावळ्याला म्हणाले. फडफड फडफड! कावळा उडाला.

मग काय झालं?
आजोबा उठले.
आजोबा उठले, तशी आत्यानं जागा सांगितली. "इथे! इथेच!"
आत्यानं जागा सांगितली, तशी बाबांनी चटई अंथरली. फट्‌!
बाबांनी चटई अंथरली, तसा आईनं डबा उघडला. टण्‌!
आईनं डबा उघडला, तसा दादाला वास आला. दादा बाहेर आला. टप टप टप! येता येता त्यानं निशाण आणलं. एक काडी, तिला एक पीस.
दादानं निशाण आणलं, तसं चारूनं ते किल्ल्यात खोचलं. खच्च! आणि टोकावरचा शंख काढला.

आणि चारूनं शंख दिला?
थांबा! चारूनं शंख मुठीत धरला.
"पण हा तर रिकामा होता," चारू म्हणाली. "रिकामा होता, म्हणून मी घेतला."

टिकल्या आजोबांच्या ओंजळीतून वाळूत उतरला. ताठ उभा राहिला.
"रिकामा नव्हता! मी जरा बाहेर गेलो होतो!"
"हो, पण आत कुणी नव्हतं."
"तुमचं घर कुठे आहे?"
"तिकडे. लांब. गाडीनं जावं लागतं."
"आत्ता तिथे कोण आहे?"
चारूनं पाहिलं. आई इथे. बाबा इथे. दादा, आत्या, आजोबा, सगळे इथे.
"आत्ता तिथे कुणी नाही," चारू म्हणाली.
"मग रिकामं आहे! मी घेऊ?"
"नाही!" चारू ओरडली. "ते आमचं आहे! आम्ही जरा बाहेर आलोय!"
"मग?" टिकल्या म्हणाला. "मग? मग?"

चारूनं मुठीकडे पाहिलं. आजोबांकडे पाहिलं.  आजोबा चटईवर बसले, आणि त्यांनी शेजारी चारूसाठी जागा केली.

चारू खाली वाकली. तिनं शंख वाळूत ठेवला. तोंड टिकल्याकडे करून ठेवला.
"चुकलं," ती म्हणाली. "घे तुझं घर."

टिकल्या आत शिरला. पाठ आधी, मग पाय, मग नांग्या. सुळुक!
आत गार होतं. अंधार होता. सगळं जिथल्या तिथे होतं.

बाहेर सगळे जेवायला बसले. चारूनं घावनाचा कण आणला. केवढा? टिकलीहून छोटा. तो तिनं शंखापाशी ठेवला. बोटानं शंख वाजवला.
टक टक टक!
"आत कुणी आहे का?"
कण आत गेला.
आतून आवाज आला, "आहे! मी आहे! आणि जेवतोय!"

शंखाचं दार मिटलं,
गोष्टीचंही मिटलं.