घोंगडीवरची जागा

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगरापलीकडे बाजार भरायचा, आणि बाजाराच्या दिवशी गावाची एक मोठी बैलगाडी तिकडे जायची. जागा मिळाली तर गाडीत बसायचं, नाहीतर मागून चालायचं, अशी रीत होती.

गाडीवानाच्या पाठीमागे एका माणसापुरती घोंगडी अंथरलेली असे. ती जागा म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची आणि गरोदर बायकांची. गावाला या घोंगडीचा फार अभिमान. पाहुणा आला की त्याला देवळाच्या आधी घोंगडी दाखवायचे. तिच्यावर धडधाकट माणूस चुकूनही बसत नसे. फक्त झालं होतं असं, की घोंगडी आल्यापासून बाकीच्या जागांवरून कुणी कुणासाठी उठेनासं झालं होतं.

एका बाजाराला एक म्हातारा त्या घोंगडीवर बसला होता. चार पावलं चाललं तरी त्याला दम लागायचा. बाजारातला वैद्य दुपारपर्यंतच बसे. आज काही झालं तरी औषध आणायचंच, असं ठरवून म्हातारा निघाला होता.

वेशीपाशी एका बाईनं हात करून गाडी थांबवली. तिचे दिवस भरत आले होते, बाळंतपणाला माहेरी निघाली होती. गाडी तर गच्च भरलेली.

"घोंगडीवर आजोबा बसलेत," कापडवाला म्हणाला. "आता काय करणार?"

"थोडं लवकर यायचं, बाई," कांदेवाली म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखाच."

पैलवानाला तर नेमकी तेव्हाच अशी गाढ झोप लागली, की तो घोरूसुद्धा लागला.

म्हाताऱ्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि तो सावकाश खाली उतरला. "बस, पोरी. मी येतो मागून."

"आजोबा, पुढं चढ आहे. तुम्हाला जमायचं नाही," गाडीवान म्हणाला. मग त्यानं वळून गाडीतल्यांकडे पाहिलं. कापडवाला आपलं गाठोडं सारखं करत होता. कुणीही जागचं हललं नाही.

गाडी निघाली. अर्धा चढ चढून गेल्यावर ती बाई घाबरून म्हणाली, "गाडी थांबवा. आजोबा मागे दिसत नाहीत."

खाली वळणावर म्हातारा एका दगडाला टेकून बसला होता. श्वास पुरत नव्हता. पैलवान धावत गेला आणि त्याला पाठीवर घेऊन आला. आता गाडीत जागाच जागा होती, कारण सगळे खाली उतरून उभे होते. पण या सगळ्यात दुपार कलली. बाजारात पोचेपर्यंत वैद्य निघून गेला होता.

परतताना पैलवान गाडीच्या बाजूनं चालत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "आजोबा, आमचा राग आला असेल तुम्हाला."

"राग कशाला, बाळा?" म्हातारा थांबत थांबत म्हणाला. "तुमच्या खाली घोंगडी नव्हती. उठायचं असतं, हे तुम्हाला कुठून कळणार?"



पुढच्या बाजारापर्यंत म्हातारा राहिला नाही. त्या बाजाराला गाडी जवळजवळ रिकामीच गेली, आणि सगळं गाव तिच्या मागून चालत होतं.

तात्पर्य: एक जागा राखून ठेवली, म्हणून बाकीच्या जागांवर बसलेल्यांचं कर्तव्य संपत नाही.