सीमेवरचं माकड

फार पूर्वी एका डोंगरमाथ्यावर दोन राज्यांची सीमा होती. दोन्हीकडच्या गावांत माणसं तापानं फणफणत होती, पण एकमेकांना कुणी सांगत नव्हतं. तिथल्या खारीला मात्र नको तिथं नाक खुपसायची भारी खोड.

एकदा तिनं पाहिलं, अलीकडच्या शिपायानं तापानं मेलेलं माकड उचलून पलीकडे फेकलं. "आता रोग त्यांचा!" पलीकडच्यानं ते लगेच परत टाकलं.

खारीला राहवेना. "शिपाईदादा, माकडाच्या अंगावरच्या गोचिडांना सीमा कुणी दाखवली?"

"गप गं आगाऊ! गोचीड कुठायत इथं?" मान खाजवत शिपाई म्हणाला.

पलीकडचाही मानच खाजवत होता. दोघांची नजरानजर झाली.

"अहो शेजारी," अलीकडचा हळूच म्हणाला, "तुमच्याकडे किती माकडं मेली?"