दहापैकी किती?

"मग दहापैकी किती सांगू, वस्ताद?"

रायगोंडा तालमीच्या उंबऱ्यावर उभा होता. मनगटाचं ऑपरेशन झालेला उजवा हात खिशात. दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला होता. हाताला किती बरं वाटतंय, दहापैकी आकडा सांगा. हल्ली सगळ्यालाच आकडा लागतो. याला सुचेना, म्हणून आला पळत.

कासम वस्ताद हौद्यात फतकल मारून कुस्तीच्या मातीत ताक-हळद कालवून वर लिंबं पिळत होते.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"हाडाचा फोटो बघून खूश हाय. म्हणतो, आता बिनघोर लढ."

"आई?"

"ती म्हणते, जप."

"आन् तू?"

रायगोंडानं खिशातला हात आणखी आत खुपसला.

एरवी हा गडी गप बसणारा नव्हे. जत्रेत शड्डू ठोकायचा आणि स्वतःचं कौतुक स्वतःच सांगत गावभर फिरायचा. आता माती समोर होती आणि पाय आत पडत नव्हता. लढता आलं नाही तर आपण कोण, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"तुम्हीच बघून सांगा की."

"मनगट माझं हाय व्हय रं?"

"न्हाई..."

"दुखतंय?"

"दुखत न्हाई. पण आता दुखंल, आता दुखंल, असं वाटतंय."

"म्हंजे दुखायच्या आधीच कण्हतोस. लई हुशार झालास."

वस्तादांनी लिंबाची साल भिरकावली आणि हात वर केला.

"ये, उठव मला. गुडघं धरल्यात."

रायगोंडानं चपला काढल्या. डाव्याच हातानं कपाळाला माती लावली, आत उतरला आणि डावाच हात पुढं केला.

वस्तादांनी आपला हात मागं घेतला.

"त्यो न्हवं."



मग उजवा हात खिशातून बाहेर आला. पांढरा पडलेला, जावयासारखा जपलेला.

त्यानं वस्तादांचा हात धरला. डोळे मिटून ओढला. म्हातारं अर्धं उठलं, आणि तिथंच वस्तादांनी अंग असं काही सोडून दिलं की दोघंही ताक-हळदीच्या त्या मातीत भदाकदिशी आडवे!

रायगोंडाच्या तोंडात माती गेली. आंबट. किती दिवसांनी ती चव! त्याला हसूच फुटलं. नाकात माती, डोळ्यांत पाणी, तरी हसू आवरेना. तसाच उजव्या तळव्यावर सगळा भार टाकून तो उठला आणि वस्तादांवर वाकला.

"लागलं का, वस्ताद? कुठं दुखतंय?"

म्हातारं उताणं पडून खदखदत होतं.

"माझं मी सांगीन, पैलवान. तू तुझं बोल."